पुठ्ठ्याखालचं चित्र

बाईंनी पुस्तक उघडलं, चित्रावर पुठ्ठा ठेवला आणि खालच्या ओळीवर बोट टेकवलं.

"वाच."

समोरच्या बुटक्या खुर्चीतली मुलगी पुठ्ठ्याकडेच बघत राहिली. वर्गात तिला सगळे गप्पू म्हणत. वर्षभरात 'हजर'च्या पुढे तिच्या तोंडून फारसं काही निघालं नव्हतं. बालवर्गाची ही शेवटची परीक्षा. वाचता आलं तर पहिलीत, नाही तर आणखी एक वर्ष याच खोलीत. सकाळपासून अडतीस मुलं झाली होती, ही एकोणचाळिसावी आणि शेवटची. बाईंचा घसा बसला होता, खांदे भरून आले होते आणि चपला त्यांनी टेबलाखाली कधीच भिरकावल्या होत्या.

पुठ्ठ्याची युक्ती त्यांचीच. नोकरी नवी असताना त्यांच्या लक्षात आलं होतं, की चित्रात बदक दिसलं की मुलं बिनदिक्कत 'बदक' म्हणतात, मग खाली 'हंस' का लिहिलेला असेना. त्यांना ती चक्क लबाडी वाटली. त्यांनी चित्र झाकलं. पुढे शाळेने तो नियमच करून टाकला. त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली होती.

"वाच ना गं बाळा. मला घरी जायचंय, तुला नाही जायचं?"

गप्पूने ओठ आणखी घट्ट मिटले.

बाईंनी उसासा टाकला आणि चष्मा पुसायला हात उचलला. पुठ्ठा घसरून जमिनीवर पडला आणि खालचं चित्र दिसू लागलं: बाबा आणि एक मुलगी. वाकून पुठ्ठा उचलायचं त्यांच्या जिवावर आलं.

"हे बाबा दमलेत."

खोलीत तिसरंच कुणी बोललं असं बाईंना वाटलं, पण बोलली होती गप्पूच.

"कशावरून?"

"एक चप्पल सरळ आहे. एक उलटी पडलीय."

बाईंनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. दाराशी खरंच दोन चपला होत्या, त्यातली एक पालथी. हे पान त्यांनी हजारदा उघडलं असेल. चपला आज दिसल्या.

"रागावलेही असतील."

"रागावले असते तर ही ताई लपली असती ना. ही तर पिशवीत बघतेय." एवढं बोलून गप्पू वाकली, टेबलाखाली डोकावली आणि वर आली. "तुमची पण उलटीच आहे."

बाईंना हसू आलं. ते बसक्या घशातून खोकल्यासारखं बाहेर पडलं.

"मग खाली काय लिहिलं असेल?"

गप्पूचं बोट ओळीवर आलं, चित्राकडे गेलं, परत आलं. "बाबा... घरी... आले."

बाईंनी पान उलटलं.

"ताईने... ग्लास..." गप्पू थांबली. पुढच्या अक्षराला नाक लावल्यासारखी वाकली. "नाही. ग्लास नाहीये. पा... पाणी. ताईने पाणी दिले."

तिची चूक तिनेच पकडली होती. बदक म्हणणाऱ्या मुलांना आपण एवढा वेळ कधी दिला होता, ते बाईंना आठवेना.

निकालाची यादी न्यायला आलेल्या मोठ्या बाई, शाळेच्या मुख्याध्यापिका, दारातूनच हे बघत होत्या. गप्पू गेल्यावर त्या म्हणाल्या,

"पुठ्ठा कुठाय?"

"पडला."

"मग हे वाचन धरायचं कसं? नियम तुमचाच आहे."

"माझाच. चुकला."

"आज कळलं?"

"आजच."

मोठ्या बाईंनी खुर्ची ओढली. आवाज मऊ केला. "हे बघा, हिला धरलं तर आज नापास झालेल्या सात जणांनाही पुन्हा बोलवावं लागेल. आणि उद्यापासून तुमची रजा. अहो, उभं राहवत नाहीये तुम्हाला."

"परीक्षा बसूनच घेतात."

"हट्टी आहात."

"रजा परवापासून लावा."

मोठ्या बाई मान हलवत निघून गेल्या. बाईंनी सात नावं एका कागदावर उतरवली आणि मावशींना हाक मारली. मावशी शाळेत शिपाई होत्या. दिवसभर एकेका मुलाला हाताला धरून त्यांनीच आत आणून सोडलं होतं. तिसरं नाव त्यांच्या नातवाचं होतं. सकाळी तो रडत बाहेर गेला तेव्हा त्यांनी त्याचं नाक पुसलं होतं आणि लगेच पुढच्या मुलीला आत पाठवलं होतं.

"मावशी, या सगळ्यांना उद्या पुन्हा आणायला सांगा. नव्याने घेते. चित्रं दाखवून."

मावशींनी कागद हातात धरला. तिसऱ्या नावावर त्यांचा अंगठा थांबला.

"चित्रं दाखवून," त्या म्हणाल्या. मग, जणू हवापाण्याचं बोलावं तसं, "याच्या बापालाही तुम्हीच मागं ठेवलं होतं. दोनदा."

बाईंना तो आठवत होता. खिडकीशी बसायचा. दुसऱ्या वर्षानंतर आलाच नाही.

"उद्या आधी नातवालाच घेऊ," बाई म्हणाल्या. "आणि त्याच्या बापाला म्हणावं, तूही ये सोबत. जरा बसू."

मावशींनी कागदाची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली.

"सांगते," त्या म्हणाल्या. "पण तो फाटकापर्यंतच येतो, बाई. आत येत नाही."