ती टोपीवाली अक्षरं माझी नव्हती

मला तोंड नाही, मित्रांनो, तरी या घरातलं निम्मं बोलणं माझ्यातून जातं. मी एक जुना कीबोर्ड आहे. कारखान्यात साच्यातून निघालो, भावंडांबरोबर खोक्यात बसून दुकानात आलो आणि तिथून या खिडकीजवळच्या टेबलावर. तेव्हा माझी अक्षरं पांढरीशुभ्र होती. आता कित्येक पुसून गेली आहेत. पण आईचं त्यावाचून काही अडत नाही. ती टंकलेखनाचे वर्ग घ्यायची. तिची बोटं अक्षर बघत नाहीत, त्याचं घर ओळखतात.

आई म्हणजे या घरातली थोरली. घशाच्या दुखण्यात तिचा आवाज गेला. तेव्हापासून ती माझ्यावर लिहिते आणि कॉम्प्युटर ते मोठ्याने वाचतो. तिचा मोठा भाऊ दूर राहतो. मुलगा-सून त्याला मामा म्हणतात, आई दादा म्हणते. त्याची नजर गेली आहे. दादाला दिसत नाही, आईला बोलता येत नाही. मामी रोज संध्याकाळी फोन लावून देते आणि मधली पायवाट मी होतो. कॉम्प्युटरचा तो ठोकळेबाज आवाज पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मामा म्हणाला होता, "अगं, तू तर बातम्या देणारी बाई झालीस! त्या आवाजाला जरा सर्दी तरी होऊ दे." आई खांदे हलवत हसली होती. आवाजाशिवायही पोटभर हसता येतं, हे मी तेव्हा पाहिलं.

माझे लाडही होतात बरं का. सूनबाई रोज सकाळी ओलसर फडक्याने मला पुसते. "आईंचा गळा आहे तो," म्हणते. कॉम्प्युटर चालू असतानाच पुसते. तसं पुसू नये, हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि मला सांगता येत नाही.

आज मामाच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलेलं होतं. सूनबाईचं मन थाऱ्यावर नव्हतं. फडकं जरा जोरातच फिरलं आणि माझ्या डाव्या कडेच्या दोन कळा एकदम दाबल्या गेल्या. त्या दोन्ही एकत्र दाबल्या की कॉम्प्युटर भाषा बदलतो. नातीने शाळेत परकी भाषा घेतली होती, तेव्हा तिची अक्षरं यात घालून ठेवली होती. ती परकी अक्षरं गपचूप मराठीच्या जागी येऊन बसली. मला कळलं आणि माझ्या तारेतून भीती सरकत गेली.

तेवढ्यात फोन वाजला. मामी बोलत होती. "त्यांना न्यायला माणसं आलीत. पण हे म्हणतात, धाकटीशी बोलल्याशिवाय आत जाणार नाही. लवकर बोलू दे त्यांना."

आई बसली. तिची बोटं नेहमीच्या घरी गेली. तिने 'दादा' लिहिलं. आणि कॉम्प्युटर म्हणाला, "ओएओए."

आई दचकली. तिने पुन्हा लिहिलं, 'वेडा आहेस का?' पडद्यावर परकी अक्षरं उमटली, त्यातल्या एकाच्या डोक्यावर टोपी. 'ट' दाबला, तर तिरकी रेघ मिरवणारं दुसरंच अक्षर. मित्रांनो, मी फक्त कुठली कळ दाबली गेली तेवढं कळवतो. तिथे कुठलं अक्षर मांडायचं, ते कॉम्प्युटर ठरवतो. पण दोष कुणाला? समोर दिसतो त्याला.

"काय चाललंय तिकडे?" फोनमधून मामाचा आवाज आला. "कोण बडबडतंय?"

सूनबाईने फोन तोंडाशी धरला. "मामा, आई इथेच आहेत. म्हणतात, तुम्ही निर्धास्त जा."

"ती म्हणते की तू म्हणतेस?"

"आईच म्हणतात, खरंच."

"मग तिलाच म्हणू दे. काहीतरी झालंय तिला. तुम्ही माझ्यापासून लपवताय. मी नाही जात आत!"

मामीचा रडवेला आवाज आला, "अहो, डॉक्टर थांबलेत हो."

आईचा भाऊ तिला गेलेली समजत होता आणि ती जिवंत असल्याचं त्याला सांगता येत नव्हतं. तिने तोंड उघडलं. नुसती हवा आली.

"हा म्हातारा झालाय," मुलगा म्हणाला आणि त्याने माझी तार उपटली. मला उलटा करून खुर्चीवर टाकलं. खालच्या दुकानातून तो धावत नवा कीबोर्ड घेऊन आला. तुकतुकीत पोरगं. मी उलटाच पडून ऐकत होतो. वाटलं, याच्याकडून तरी बरोबर येऊ दे. मला फेका, पण तिचा आवाज येऊ दे.

आईने कळा दाबल्या. "ओएओए."

"हाही बिघडलेला दिलाय वाटतं!" मुलगा वैतागला.

"अहो, दोन्ही कसे एकदम बिघडतील?" सूनबाई म्हणाली. "म्हणजे कीबोर्डचा दोषच नाही. आतच काहीतरी बदललंय." ती पडद्यावर वाकली. "हे बघा, खाली कोपऱ्यात. इथे रोज मराठीची खूण असते ना? आज ही कुठली आलीय?"

तिने त्या खुणेवर टिचकी मारली. दोन भाषांची नावं वर आली. तिने मराठी निवडली.

आई लिहू लागली, पण नव्याच्या कळा जवळजवळ होत्या. बोटं घर चुकत होती. तिने तो बाजूला सारला आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. मुलाने खाली मान घालून माझी तार जोडली.

"दादा. वेडा आहेस का? मी धडधाकट आहे. जा आत. आलास की भांडू."

पलीकडून मामाचा हुंदका, आणि त्यातूनच हसू. "हीच ती बया! चला रे, न्या मला."

नंतर मुलाने सेटिंगमध्ये जाऊन ती परकी अक्षरं काढून टाकली. नातीच्या वेगळ्या कॉम्प्युटरवर घालून देणार आहे. सूनबाई म्हणाली, यापुढे पुसायचं ते आधी बंद करून.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातलं जुनं काही भलतंच वागू लागलं, तर फेकण्याआधी जरा थांबा. त्याला हुकूम कोण देतंय, तेही तपासा. कुणाचा तरी गळा त्यात असेल.

मामा अजून आतच आहे. फोन टेबलावर मुका पडलाय. आई माझ्यावर हात ठेवून बसली आहे. थोड्या थोड्या वेळाने ती लिहिते, कॉम्प्युटर म्हणतो, "दादा." ती पुसते. पुन्हा लिहिते. "दादा." बरोबर येतंय ना, एवढंच बघते. घरात कुणी तिला थांबवत नाही.