मसणात न गेलेला चष्मा

मी एक चष्मा बोलतोय. ज्याच्या नाकासाठी मला गोंदियाच्या बाजारात घडवलं, तो बकाराम आता नाही. पण त्याचा नंबर माझ्यात तसाच राहिला आणि सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

माझी काच दोन भागांची. वरून लांबचं बघायचं, खालून जवळचं. हे सगळ्यांना जमत नाही, बकारामला जमलं होतं. बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, धानाला पाणी किती आलं ते तो वरच्या काचेतून बघायचा, बिडी पेटवायची तर खालच्यातून. पायरी उतरताना आधी हनुवटी खाली घ्यायचा, मग हळूच वर. त्याची ती लकबच होऊन गेली. तापाने गेला बिचारा, पण पडला कधी नाही.

आमच्या नागझिऱ्याकडच्या गावात मेलेल्या माणसाचे कपडे, अंथरूण, चपला मसणात नेऊन टाकतात. बकारामचा धाकटा भाऊ उदाराम गाठोडं बांधत होता. "चष्मा कुठी हाय?" त्याने विचारलं. बकारामच्या बायकोने, सुमित्राबाईने, नुसत्या चपला पुढे सरकवल्या. मी तेव्हा तांदळाच्या डब्यात होतो, तिनेच खुपसलेला.

पुढे ती मला लावू लागली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात मी दुसऱ्याच्या नंबरचा. तिला काय डोंबल दिसणार! तरी रोज संध्याकाळी मला लावून सपरीत, म्हणजे घराच्या ओसरीत, बसायची आणि कोपऱ्याकडे बघून बोलायची, "आले का? बसा."

कोपऱ्यात चुना लावलेला खांब होता आणि खिळ्यावर बकारामचा पांढरा दुपट्टा. मी काच आहे, खांब मला कळतो. पण खांब मान हलवत नाही. हा हलवायचा. आधी खाली, मग हळूच वर. मला फार भीती वाटायची.

थंडीत मुलगा रोशन आणि सून दामिनी यांनी म्हातारीच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, जुना चष्मा लावायचा नाही. दुसरा डोळाही लवकर करा, एक डोळा स्वच्छ आणि एक गढूळ असला की अंतर कळत नाही, तोल जातो. म्हातारीने मान डोलावली. घरी येऊन पहिल्यांदा तिने कोपरा पाहिला आणि ती रडायलाच लागली.

"खांब हाय," ती म्हणाली. "नुसता खांब."

दामिनीला वाटलं डोळा झोंबतोय. तिने थेंब टाकले.

एका संध्याकाळी घरात कोणी नाही असं बघून म्हातारीने मला बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि लावलं. तो आला. मान हलवली आणि अंगणाकडे निघाला.

"थांबा ना जी," म्हणत ती उठली. माझी खालची काच तिच्या नव्या डोळ्यासमोर आली. पायरी फुगून वर आल्यासारखी दिसू लागली. दुसऱ्या डोळ्याला तर सगळंच धुरकट. हनुवटी खाली घे गं, असं मी आतल्या आत ओरडत होतो. तिने पाय टाकला तिथे पायरी नव्हतीच.

मनगट मोडलं. दामिनीने मला अंगणातून उचललं आणि प्लास्टर घालून घरी आणल्यावर म्हातारीपुढे धरलं.

"आई, बाबूजीचा चष्मा लावून चालून राहिल्या होत्या? काऊन?"

"त्यानं ते दिसतेत."

"आता मनगट गेलं, पुढे खुबा जाईन. मंग खाटीवरच पडून राहाल. मले तुमी चालत्या-फिरत्या पायजे, आई. दुसराबी डोरा करून घ्या."

"दुसरा केला तं ते बिलकुल जातीन."

"ते गेलेच हायेत."

म्हातारीने प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. "मंग मले अंगणात कोन बोलावून राहिला होता?"

दामिनीने खांबाकडे पाहिलं आणि उठून सपरीतला दिवा लावला.

दुसऱ्या ऑपरेशनला निघायच्या आदल्या दिवशी म्हातारीने उदारामला बोलावलं आणि मला त्याच्या हातावर ठेवलं. "भाऊजी, हा त्यायले देऊन या."

"ठेवलाच कायले होता?"

"चूक झाली जी. त्यायले बिना चष्म्यानं दिसत नाई. वाट सापडत नाई म्हनून घरीच येऊन राहिले."

उदारामने मला खिशात घातलं. बोडीच्या, म्हणजे गावच्या तळ्याच्या, बांधाजवळ जिथे बकारामला जाळलं, तिथल्या दगडावर मला ठेवून मागे न बघता निघून गेला.

बाबांनो, दुसऱ्याचा चष्मा आपल्या डोळ्यावर चढवू नका. ऑपरेशननंतर स्वतःचा जुनाही नको, नवा नंबर काढा. म्हाताऱ्या माणसाला जमीन दिसली पाहिजे, बाकी सगळं नंतर. चष्म्याने सांगितलं म्हणून तरी ऐका.

मी त्या दगडावर बरेच दिवस पडून होतो. आज दिवस कलताना कोणीतरी मला उचललं. हात गार होता, पण नाकावरचा खळगा माझ्या ओळखीचा. हनुवटी आधी खाली गेली, मग हळूच वर आली. वरच्या काचेतून गाव दिसलं, आमची सपरी दिसली. काळा चष्मा लावलेली सुमित्राबाई पायरी उतरत होती. दामिनी जवळ उभी होती, पण तिने हात धरला नव्हता. म्हातारीचा पाय नीट जमिनीवर पडला.

बकाराम तेवढं बघून वळला. आता पुढची वाट त्याला दिसते, आणि त्याच्या नाकावर बसून मलाही दिसते. ती कशी आहे हे मात्र मी तुम्हाला सांगणार नाही.