कल्हई केलेलं रिव्हॉल्व्हर

वाकोल्याच्या चौकीत टेबलावर ठेवलेली वस्तू पाहून श्यामकांतकाका म्हणाले, “हे रिव्हॉल्व्हर आहे की कळशी?”

ते खरोखरच कळशीसारखं चकाकत होतं. नळीपासून मुठीपर्यंत जाड, पांढरी कल्हई. कुठे अक्षर नाही, आकडा नाही. नळीचं तोंड कथलाच्या गोळ्यानं बुजलेलं. सांधेही कथलानं धरलेले, त्यामुळे ते उघडत नव्हतं.

“मीच करून घेतली,” जानकीबाई हळूच म्हणाल्या. “आम्ही गोराईला होतो तेव्हा. खाऱ्या हवेनं सारखा गंज चढायचा. हे दौऱ्यावर, दसरा तोंडावर आलेला. पूजेत गंजकं शस्त्र कसं मांडायचं? कल्हईवाला दारात बसलाच होता. पातेल्यांबरोबर हेही दिलं.”

“आणि यजमान परत आल्यावर काय म्हणाले?” मी विचारलं.

“हसले. म्हणाले, चला, याला पेन्शन मिळाली.”

जानकीबाईंचे यजमान मिठाच्या खात्यात होते. ते गेल्यावर रिव्हॉल्व्हर चौकीत जमा झालं. आता ते दुसऱ्या परवानेदाराच्या नावावर करायचं, नाहीतर सरकारी भट्टीत जायचं. परवानेदार म्हणजे आमचे अंधेरीचे शेजारी श्यामकांतकाका. काकांना नेमबाजीची जुनी रिव्हॉल्व्हरं जमवायचा नाद. त्यांच्याकडे अशी दोन होती आणि तिसऱ्याचं चित्र त्यांनी भिंतीवर लावलं होतं. कॉलेजात असल्यापासून मी त्यांच्याकडून अशी शस्त्रं ‘वाचायला’ शिकत होते, आणि बी.एस्सी. होऊन साकीनाक्याच्या रंगाच्या कारखान्यात लागल्यावरही तो नाद सुटला नव्हता.

फौजदारांनी घड्याळाकडे पाहिलं. “बाई, मला दोन गोष्टी दिसायला हव्यात. परवान्यावरचा नंबर याच्यावर दिसला पाहिजे, आणि नळी लष्करी मापाची नको, ती खासगी परवान्यावर चालत नाही. एवढं थोराड अंग, मला तरी लष्करीच वाटतं. दुपारी जीप निघाली की हे जाणार.”

“लष्करी नाही हो ते,” जानकीबाईंचा आवाज चढला. “हे नेहमी सांगायचे, माणसावर झाडायचं नाही, कागदावर झाडायचं. गोराईच्या वाळूत पुठ्ठा लावून मारायचे. मी पुठ्ठे धरून न्यायची. ते मोडून टाकलंत तर...”

काकांनी मान हलवली. “क्षमा, चल. अंग बघ ना त्याचं. लष्करीच.”

मी मात्र रिव्हॉल्व्हरच्या मागच्या बाजूवर नख फिरवत होते. नेम धरायची खाच असते तिथे कथलाचा उंचवटा होता आणि त्याच्या दोन्ही कडांना स्क्रूच्या डोक्यावर असते तशी बारीकशी खळगी लागत होती.

“काका, लष्करी रिव्हॉल्व्हरची मागची खाच कशी असते?”

“नुसती कापलेली. हलत नाही.”

“मग इथे स्क्रू कशाला आहेत? ही तर हलवता येणारी खाच दिसते.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांनीही नख फिरवलं. मग मला म्हणाले, “कल्हई काढ. कशीही काढ. पण तापवू नकोस, पोलादाचा कस जाईल.”

आत काडतूस असेल का, हा प्रश्न मी आधीच सोडवला होता: असतं तर ते कल्हईवाल्याच्या भट्टीवरच उडालं असतं. कथील कॉस्टिक सोड्यात विरघळतं, लोखंड नाही. सोडा, हातमोजे आणि माप घ्यायचा व्हर्नियर मी कारखान्यात जाऊन घेऊन आले. चौकीच्या आवारात एनॅमलच्या तसराळ्यात गरम द्रावण केलं, मुठीच्या लाकडी पट्ट्या सोडवल्या आणि रिव्हॉल्व्हर आत ठेवलं.

काहीही होताना दिसेना.

धाकू हवालदार चहा टाकता टाकता डोकावले. मूळचे मालवणकडचे. “ह्या काय शिजवतंस गो बाय? मीठ घातलंस काय?”

“शिजत नाहीये ना, तीच तर पंचाईत आहे.”

विरघळत होतं, पण या गतीनं संध्याकाळ झाली असती. घाई करायची तर वीज हवी होती. आवारात जीप उभी होती. मी फौजदारांकडे धावले.

“साहेब, जीपची बॅटरी द्या ना!”

“आणि मग जीप निघणार कशी?”

“नाहीच निघणार,” मी म्हटलं, आणि माझं मलाच हसू आलं.

त्यांनाही आलं. “चहा होईपर्यंत. पुढे नाही.”

एक तार रिव्हॉल्व्हरला, दुसरी धाकूंच्या लोखंडी उलथन्याला. उलथनं बुडवताच त्याच्याभोवती बुडबुड्यांची झुंबड उडाली.

“साहेब, सिगारेट! आधी विझवा! हा हायड्रोजन आहे!”

फौजदारांनी ती निमूटपणे बुटाखाली चिरडली. आम्ही सगळेच तसराळ्यावर वाकलो. पांढरा रंग करडा झाला. मुठीच्या तळाशी रेघा उमटल्या, रेघांचे आकडे झाले. काका परवान्यावरचा एकेक आकडा वाचत आणि मी “हो!” म्हणत ओरडत होते. शेवटच्या आकड्याला धाकूही माझ्याबरोबर ओरडले.

“नंबर झाला,” फौजदार म्हणाले. “नळीचं बोला.”

तोंडावरचा गोळा हट्टी होता. मी तार काढली, नळी धुतली आणि बांबूच्या कामटीनं मऊ झालेला थर खरवडला. पोलादाची जाड कड दिसली, मग आणखी कड. भोक सुरू व्हायचं नावच घेईना. आणि एकदम मधोमध कथलाची एक लहानशी चकती उरली. व्हर्नियर लावला, खात्रीसाठी पुन्हा लावला.

“आठ मिलिमीटर आणि थोडं वर.”

“पुन्हा सांग!” काकांनी माझा खांदा धरला.

“आठ! काका, एवढ्या अंगाची लष्करी नळी अकराच्याही वर असते!”

“थोराड अंग आणि इवलंसं तोंड!” काका अक्षरशः नाचत होते. “अंग जड, म्हणजे हात हलत नाही. तोंड लहान, म्हणजे धक्का कमी. अहो साहेब, हे माझ्या भिंतीवरचं! स्मिथ अँड वेसनचं नेमबाजीचं! चित्राखेरीज कधी दिसेल असं वाटलं नव्हतं.”

फौजदारांनी स्वतः व्हर्नियर लावून पाहिला, खालून, वरून, आडवा. मग म्हणाले, “अर्ज लिहा. बॅटरी परत द्या.”

जानकीबाई करड्या, डागाळलेल्या रिव्हॉल्व्हरकडे बघत होत्या. “चकचकीत होतं तेव्हा बरं दिसायचं हो,” त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसता पुसता हसल्या.

काका हात जोडून म्हणाले, “बाई, मी याला फुलासारखं जपेन. काचेच्या कपाटात ठेवीन.”

“मग नाही देत.”

काका गार पडले.

“कपाटात ठेवायचं तर भट्टी काय वाईट?” जानकीबाई म्हणाल्या. “नळी मोकळी करून घ्या. क्लबात कागदावर झाडा. पहिल्या दिवशी मला बोलवा. पुठ्ठा मी लावणार.”

“लावा! तुम्हीच लावा!” काका म्हणाले आणि चौकीच्या नळाखाली हात धुऊन अर्ज लिहायला बसले.

तेवढ्यात मागून धाकूंची हाक आली. ते उलथनं उन्हात धरून उभे होते. त्याच्यावर करडं, भुसभुशीत कथील जमलं होतं.

“बाय गो, माझ्या उलथन्याक कल्हय लागली मां! आता ह्याका पण पूजेत मांडू?”