कुंदन दिसला नाही

सुरतेतल्या डिंडोलीच्या त्या खानदेशी गल्लीत टीव्ही घरोघर होते, पण भिंतभर टीव्ही आणि पैसे भरून घ्यायचं सामन्यांचं चॅनेल एकट्या मालतीबाईंकडे. इंग्लंडला निघण्याआधी कुंदनने तो आणून लावला आणि आईला सांगून गेला, "रोज दुपारी तीनला लावायचा. सामन्याच्या आधी मैदानावरचा सराव दाखवतात, त्यात मी दिसेन." मालतीबाईंना रिमोट काही कळेना, आणि दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदूही काढायचे राहिले होते. शेवटी त्या समोरच्या घरी गेल्या आणि धर्मेंद्रला म्हणाल्या, "धर्मा, तू दुपारले घर ऱ्हास ना? ये ना भो. माले मना कुंदन दखाड."

धर्मेंद्र लूमच्या कारखान्यात रात्रपाळीला होता. बारा वर्षांपूर्वी सकाळचा सराव बुडू नये म्हणून त्याने रात्रपाळी मागून घेतली होती. सराव कधीच सुटला, रात्रपाळी तेवढी राहिली. दुपारी दोनपर्यंत त्याची झोप पूर्ण व्हायची, त्यामुळे सबब सांगायला जागा नव्हती. "येस मी, काकू," असं म्हणून त्याने दार लावलं आणि बराच वेळ दाराला पाठ टेकून उभा राहिला.

कुंदन भारतीय संघाबरोबर गेला होता. खेळाडू म्हणून नव्हे. सरावात फलंदाजांना चेंडू फेकून देणारा माणूस म्हणून. वरण वाढायच्या डावाला हातभर लांब दांडा लावावा तशी एक प्लास्टिकची काठी असते. तिच्या वाटीत चेंडू अडकवून फेकला, की भल्या भल्या वेगवान गोलंदाजासारखा तो अंगावर येतो. असे शेकडो चेंडू कुंदन दिवसभर फेकायचा आणि मोठमोठे फलंदाज ते खेळून तयार व्हायचे.

गल्लीला त्याचा अभिमान होता. धर्मेंद्रच्या मात्र हे घशाखाली उतरत नव्हतं. डिंडोलीच्या मैदानावर गोलंदाज म्हणून नाव होतं ते त्याचं. कुंदनचा हात कोपरात वाकायचा, पंच नोबॉल द्यायचे, पोरं त्याला 'फेक्या' म्हणायची. ते नावसुद्धा धर्मेंद्रनेच ठेवलेलं. मग एक दिवस क्रिकेटची शिबिरं घेणारे परमार सर मैदानावर आले. राज्याच्या शिबिरात काठीने चेंडू फेकायला माणूस हवा होता. ते सरळ धर्मेंद्रकडे आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दोस्त, तारो खभो मजबूत छे. येतोस का?"

"मी बॉलर आहे, सर," धर्मेंद्र सगळ्यांसमोर म्हणाला. "फेकाफेकीचं काम कुंदनला सांगा. त्याला तेवढंच येतं."

सगळे हसले. कुंदनही हसला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सरांच्या स्कूटरवर मागे बसून गेला. धर्मेंद्रने पुढे जिल्ह्याच्या निवडीला दोनदा हजेरी लावली. दोन्ही वेळा यादीत त्याचं नाव नव्हतं.

पहिल्या कसोटीच्या पहिल्या दिवशी तीनला पाच कमी असताना त्याने टीव्ही लावला. मालतीबाई नवं लुगडं नेसून, पडद्यापासून दोन हातांवर पाटावर बसल्या होत्या. हिरवंगार मैदान दिसलं, मग जाळी, मग एकसारख्या निळ्या कपड्यांतली दहा-बारा माणसं. धर्मेंद्रला शोधावंच लागलं नाही. उजवा खांदा थोडा खाली सोडून चालणारा माणूस जगात एकच होता. कुंदनने काठी उगारली, चेंडू सुटला, फलंदाज चकला, आणि ज्याचं चित्र सुरतेच्या निम्म्या रिक्षांवर चिकटवलेलं असतं त्या फलंदाजाने कुंदनकडे पाहून अंगठा वर केला.

"यास्मा शे का रे कुंदन?" मालतीबाईंनी डोळे बारीक करून विचारलं.

धर्मेंद्रचं बोट उचललं गेलं होतं. ते त्याने खाली घेतलं.

"नही दिसना, काकू. हाऊ दुसराच शे."

असं काही बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं. पण बोलून गेल्यावर छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी तो ठरवूनच गेला. कुंदन दोनदा दिसला, एकदा तर अगदी जवळून, कपाळावरचा घाम पुसताना. "आज बी नही दिसना," धर्मेंद्र म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याने कॅमेरा कुंदनकडे वळतोय असं दिसताच "जाहिरात लागनी" म्हणून चॅनेल बदललं. घरी येऊन तो तीन भाकरी जेवला.

"आज काय मिळनं तुम्हले?" बायको गायत्रीने विचारलं. "भलता खूश शेतस."

"काही नही," तो म्हणाला. पण त्याला कळत होतं. इतकी वर्षं कुंदनचं प्रत्येक पाऊल त्याला कुणीतरी येऊन सांगत होतं. आज शिबिर, उद्या बंगळुरू, परवा विमान. आता एक जागा अशी होती जिथे कुंदन आहे की नाही ते धर्मेंद्र ठरवत होता.

पहिली कसोटी संपली. दुसरीला आठवडाभर होता आणि तेवढ्यात गल्लीत कुजबुज सुरू झाली. मालतीबाई भोळेपणाने नळावर बोलून गेल्या होत्या की पाच दिवस बसले, पोरगा काही दिसला नाही. शेजारच्या हिलालने ते उचललं. संध्याकाळी पानाच्या टपरीवर तो म्हणाला, "फोटो पाठवतो म्हणे. तसली जर्सी तर पर्वत पाटियाच्या फुटपाथवर ढिगाने पडलेली असते. विलायतेत आपली किती पोरं हॉटेलात भांडी घासतात! काय रे धर्मा, तू तर रोज बघतोस. दिसला का?"

सगळ्यांनी धर्मेंद्रकडे पाहिलं.

"मला तर नाही दिसला," तो म्हणाला आणि पान तोंडात सारलं. हिलालने टाळी दिली. ती त्याने घेतली.

दुसऱ्या कसोटीचे पहिले दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी तो गेला तेव्हा टीव्ही बंद होता. मालतीबाई भिंतीशी बसल्या होत्या. चूल थंड होती आणि कालच्या भाकरी टोपलीत तशाच होत्या.

"लावू का, काकू?"

"ऱ्हाऊ दे." मग त्या म्हणाल्या, "काल त्याले इचारं मी. खरं सांग, तू हॉटेलमा काम करस का? पहिले हसना. मंग चूप बसना. म्हणे, धर्माले इचार, तो माले वळखस. मी म्हणनू, धर्माच सांगस, तू नही दिसस म्हनीसन. फोन ठी दिना त्यानी. आज फोन बी नही."

धर्मेंद्र उभाच होता.

"तू त्याले ल्हानपनपासून वळखस. तूच सांग, मना पोऱ्या खोटं बोलस का?"

बाहेरून एक टेम्पो गेला, साड्यांचे गठ्ठे भरलेला, आणि दाराची काच थरथरली. धर्मेंद्रने रिमोट उचलला. तीन वाजून गेले होते. पडद्यावर जाळी होती आणि जाळीच्या या बाजूला, पाठमोरा, उजवा खांदा सोडून कुंदन उभा होता.

"तो," धर्मेंद्र म्हणाला. "काठीवाला. तो दख, काकू."

मालतीबाई उठल्या. पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. कुंदन वळला आणि त्यांनी हाताचा पंजा त्याच्या चेहऱ्यावर ठेवला. बोटांमधून त्याचा एक डोळा आणि टोपीची कड दिसत होती. मग चित्र बदललं. त्यांनी हात काढला नाही.

"आज पहिलांदाच वना का तो?"

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. त्या स्वतःच ते त्याच्या हातात देत होत्या. हो म्हटलं असतं तर त्या रडल्या असत्या, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला असता, आणि गल्लीभर सांगितलं असतं की धर्मानेच कुंदन शोधून दिला. हे सगळं धर्मेंद्रला दिसलं, आणि त्याची त्याला किळस आली.

"नही. रोज वना."

"मंग?"

"माले दिसना. मी सांगं नही."

"काबर?"

"माले सहन नही व्हये, काकू."

त्या त्याच्याकडे वळल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी त्याच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि म्हणाल्या, "ऊठ. घर जाय." तो उभाच होता हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. तो दाराबाहेर पडतो न पडतो तोच त्या मागून ओट्यावर आल्या आणि ओरडल्या, "चंचल! ओ हिलालभाऊ! या, मना कुंदन दखा!" गल्ली त्यांच्या घरात शिरली. धर्मेंद्रने आपलं दार लावून घेतलं, तरी टाळ्या ऐकू आल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला त्याचा फोन वाजला.

"आई दोन दिवस जेवली नव्हती," कुंदन म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "तुला माहीत होतं?"

"काल कळलं."

"मी तिला काय सांगितलं होतं, माहीत आहे? धर्मा आहे, तो मला लांबून ओळखेल."

"ओळखलं ना."

पलीकडे कुणीतरी इंग्रजीत हाक मारली. कुंदनने "येस सर" म्हटलं. तो 'येस सर'ही धर्मेंद्रला टोचला.

"तिथे जागा होती कुंदन, माझी," त्याच्या तोंडून निघून गेलं.

"होती," कुंदन म्हणाला. "तूच नाही म्हणालास. मी हिसकावली नाही." आणि फोन बंद झाला.

उरलेल्या तीन कसोट्या मालतीबाईंना शेजारच्या चंचलने दाखवल्या. पानाच्या टपरीवर आता हिलाल सांगत होता की आपल्याला तर पहिल्यापासून खात्री होती. गायत्रीने चार दिवस नवऱ्याशी बोलणं टाकलं, मग फक्त जेवायला वाढताना बोलायला लागली. दौरा संपला. मालिका बरोबरीत सुटली.

कुंदन परत आला त्या दिवशी गल्लीत ढोल होते. धर्मेंद्र गेला नाही. दुसऱ्या दिवशी गर्दी ओसरल्यावर गेला. मालतीबाईंनी त्याला पाहिलं, आत जाऊन चहा आणला आणि त्याचा कप जमिनीवर ठेवला. कुंदन खाटेवर बनियनवर बसला होता. त्याने कप घ्यायला उजवा हात उचलला आणि अर्ध्यावर थांबला. कप डाव्या हाताने घेतला.

"खांदा गेला?" धर्मेंद्रने विचारलं.

"सुजलाय. पाच कसोट्या, रोज तीनशे-चारशे चेंडू. पुढच्या महिन्यात परत शिबिर आहे. तोवर उतरला नाही तर दुसऱ्याला घेतील."

दुसऱ्याला घेतील. ते ऐकून धर्मेंद्रला बरं वाटलं. आनंदच होता तो. त्याने मान खाली घातली.

मालतीबाई गरम तेलाची वाटी घेऊन आल्या, पण त्यांच्या बोटांत जोर नव्हता. त्या वरवर चोळत होत्या आणि कुंदन दात आवळत होता.

"असं नही, काकू," धर्मेंद्र म्हणाला. "आण इकडे."

त्या हलल्या नाहीत. कुंदनने आईकडे पाहिलं, मग धर्मेंद्रकडे. "दे त्याला," तो म्हणाला.

धर्मेंद्र मागे जाऊन बसला. गोलंदाजाचा खांदा कुठे धरतो ते त्याला मालतीबाईंपेक्षा चांगलं ठाऊक होतं. पात्याच्या हाडाखाली त्याचा अंगठा बरोबर गाठीवर गेला. कातडी तापलेली होती. हाच तो खांदा. याच्याऐवजी आपला असता, तर आज आपल्यामागे कोण बसलं असतं? विचार जाता जात नव्हता. अंगठ्यात जोर जास्त आला आणि कुंदन कण्हला.

"हळू रे."

"हळूच करतोय," धर्मेंद्र म्हणाला, आणि हात सैल केला.