दोन बोटं माया

कानांवर हेडफोन चढवले, की बाबांचं दुकान चिंधीला झोपेत ऐकू यावं तसं ऐकू यायचं. इस्त्री सुस्कारे टाकायची, खडू कापडावरून खरखरत जायचा, भिंतीवरचं घड्याळ टिक करण्याआधी एक बारीकसा श्वास घ्यायचं. हो, घ्यायचं! खोटं वाटत असेल तर एखाद्या दुपारी माईक लावून ऐका. चिंधी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण शिंप्याच्या पोरीला वर्गात दुसरं काय म्हणणार? पहिल्या दिवशी ती चिडली, दुसऱ्या दिवशी हसली आणि तिसऱ्या दिवसापासून वहीवर स्वतःच चिंधी लिहायला लागली.

तर झालं असं, की चित्रपट शिकवणाऱ्या मॅडमनी वर्गात तिघातिघांचे गट पाडले आणि सांगितलं, थरारपटाची फक्त सुरुवात करून आणा. दोन मिनिटं. पुढचा चित्रपट मनातल्या मनात राहू दे, पण त्या दोन मिनिटांत बघणाऱ्याच्या पोटात गोळा आला पाहिजे. चिंधीच्या गटात दिग्दर्शन सरकारकडे. सरकार म्हणजे जेमतेम टेबलाला लागेल एवढी मुलगी, पण हुकूम असे सोडायची की शिपाईसुद्धा दचकून उभा राहायचा. कॅमेरा भिंगकडे. भिंगचा चष्मा एवढा जाड, की हा कॅमेऱ्यातून बघतो की कॅमेरा याच्यातून, असा प्रश्न पडावा. आणि आवाज चिंधीकडे.

गोष्ट सरकारने रचली होती. एक शिंपी असतो. माप द्यायला कुणी येत नाही, तरी तो कपडे बेततो, आणि ज्याच्या मापाचा कपडा तो कापतो ते माणूस दुसऱ्या दिवशी नाहीसं होतं. सुरुवातीला त्याचे फक्त हात दिसणार. टेप, खडू, रेघा. मग कात्री उघडते, कापडाला लागते, पडदा काळा होतो आणि नाव येतं, 'माप'.

"काका, आम्हाला तुमचे हात पाहिजेत," सरकार दुकानात येऊन म्हणाली.

"हातच ना? डोकं नको ना? मग घ्या की," बाबा म्हणाले आणि तोंडातली टाचणी काढून हसले.

चिंधीला ते हसू इतकं बरं वाटलं, की तिने माईक आधीच चालू का नाही केला म्हणून मनात स्वतःला दोन शिव्या घातल्या.

चार दुपारी ती तिघं दुकानात पडून होती. काचेच्या दाराला बाबांनी जुने कागद चिकटवले होते, त्यातून ऊन गाळून यायचं. भिंग इस्त्रीची वाफ उन्हात सोडून तिचं चित्रण करत बसायचा आणि वेळेचं भान कुणालाच राहायचं नाही. गिऱ्हाईक आलं की तिघं कपड्यांच्या मागे सरकायची. एकदा एक गृहस्थ घट्ट झालेली तयार पँट घेऊन आले. बाबांनी ती उलटी केली, शिवण बोटांत धरून बघितली आणि परत दिली. "सैल नाही होणार साहेब. यात माया नाही."

ते गेल्यावर भिंग हळूच म्हणाला, "काका किती खोल बोलतात ना!"

चिंधी हसून हसून वाकली. "अरे येड्या, माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड! पुढे अंग वाढलं तर उसवून सैल करता येतं. तयार कपड्यात वाचवतात ते."

"हां हां," भिंग म्हणाला, पण त्याला पहिला अर्थच जास्त आवडला होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

सगळे आवाज जमले. फक्त एक जमेना. कात्रीचा.

आता तुम्ही म्हणाल, शिंप्याच्या दुकानात कात्रीचा आवाज नाही? तीच तर गोम होती. दोन हिवाळ्यांपूर्वी चिंधीची आई गेली आणि तेव्हापासून बाबांनी नवं कापड कापलंच नव्हतं. चेन बदलून देतो, उंची कमी करून देतो, अस्तर लावून देतो, पण नवीन शिवायला कुणी आलं की "सध्या हात बसत नाही" एवढंच. कापणं हे या दुकानात कधी एकट्याचं काम नव्हतंच मुळी. बाबा बेतायचे. आई टेबलाच्या पलीकडे उभी राहायची, प्रत्येक रेघेवरून बोट फिरवायची आणि मग म्हणायची, "कट." ती म्हणाली की कात्री सुटायची, एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आधी ती साधं "काप" म्हणायची. पण एकदा मशीनच्या गोंगाटात तिने "माप" म्हटलं, बाबांनी "काप" ऐकलं आणि एका नवरदेवाच्या सुटाचं वाटोळं झालं. तेव्हापासून आईने कानाला खडा लावला आणि दुकानात शब्द ठरला, कट.

चिंधी लहानपणी त्याच टेबलाखाली झोपायची. डोक्यावरच्या लाकडावरून कात्रीची ती लांब खर्रर्र जायची आणि तिचे डोळे मिटायचे. तिला तो आवाज हवा होता. चित्रपटासाठी हवा होता हे सरकारला सांगायला ठीक होतं, पण खरं म्हणजे तिला तो स्वतःला हवा होता, अगदी जीव तुटेपर्यंत. बाबांनी पुन्हा एकदा कापावं आणि आपण ते ऐकावं, बस्स. आईचा आवाज तिच्याकडे कुठेच साठवलेला नव्हता. निदान हा तरी असावा.

बाबांनी कात्री हवेत चालवून दाखवली. पोकळ आवाज आला. जुन्या चादरीवर चालवायला सांगितली, तर त्यांनी पाती लावली, थांबले आणि कात्री खाली ठेवली.

"नाही गं होत, बाळा," ते म्हणाले. "दुसरं काही सांग."

शेवटच्या दुपारी सरकारचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं. तिला मोठं कापड हवं होतं, खऱ्या रेघा आखलेलं. दुकानात होते ते दुसऱ्यांचे उंची कमी करायचे कपडे. चिंधीने एकदा वर बघितलं. मग स्टुलावर चढली आणि सगळ्यात वरच्या फळीवरचं, पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं गाठोडं खाली काढलं.

आत राखाडी निळं लोकरी कापड होतं. चिंधीच्या कोटाचं. ती पंधरा वर्षांची असताना बाबांनी ते बेतलं होतं. खडू पुसला जाईल म्हणून आईने त्यावर पांढरा धावदोरा घातला होता आणि संध्याकाळी म्हणाली होती, "उद्या सकाळी एकदा डोळ्याखालून घालते. आज दमले." त्या उद्याला ती दवाखान्यात होती. कापड तसंच राहिलं, न कापता.

बाबांनी ते बघितलं. आपण हे काय केलं, आता बाबा उठून निघून जाणार, असं चिंधीला वाटलं.

"फक्त दिसायला, बाबा," ती घाईघाईने म्हणाली. "कात्री लावायची आणि थांबायचं. एक दोरासुद्धा तुटणार नाही. शपथ."

बाबांनी कापडावरून हात फिरवला. "लावतो," ते म्हणाले. "लावायला काय."

भिंगने कॅमेरा लावला. ऊन बाबांच्या बाजूने येत होतं, म्हणून सरकार टेबलाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. बरोबर जिथे आई उभी राहायची तिथे. चिंधीच्या ते लक्षातही आलं नाही. ती डोळे मिटून माईक धरून होती. कानात घड्याळ श्वास घेत होतं. बाबांच्या अंगठ्याचं पेर कापडावर घासलं. कात्री उघडली, तिच्या बिजागरीचा तो जुना बारीक क्लिक. लोकरीला पाती टेकली.

सरकारला हवं ते मिळालं होतं. तिने समाधानाने मान हलवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कट!"

आणि कात्री सुटली.

खर्रर्र, एका दमात, निम्म्या कापडापर्यंत. चिंधीच्या कानात, डोक्यात, पार टाचांपर्यंत तो आवाज उतरला. क्षणभर ती टेबलाखाली होती, तिचे डोळे जड झाले होते आणि वरून दोघांची कुजबुज येत होती. मग तिने डोळे उघडले. बाबा अर्ध्या कापडावर थांबले होते आणि पलीकडे बघत होते. तिथे एवढीशी सरकार उभी होती, तोंडावर दोन्ही हात दाबून.

"काका, मी... मी कॅमेऱ्याला म्हटलं हो," ती रडायलाच लागली. "चित्रण थांबवायला तसंच म्हणतात. मला नव्हतं माहीत..."

भिंगने कॅमेरा कट म्हणताच इमानदारीत बंद केला होता, म्हणजे नेमकं घडलं ते कुठेच टिपलं गेलं नव्हतं. चिंधीने मात्र रेकॉर्डर बंद केला नव्हता. शब्द संपला तरी आवाज संपत नाही, म्हणून ती नेहमीच थोडं पुढे चालू ठेवायची. तिला माफी मागायची होती. शपथ तिने घेतली होती. आईच्या हातचा तेवढाच दोरा उरला होता आणि तो तिने गमावला होता.

बाबांनी कात्री काढली नाही. ती तशीच कापडात धरून ते किती वेळ उभे राहिले, कुणास ठाऊक.

"रडू नकोस गं," शेवटी ते सरकारला म्हणाले. त्यांचा स्वतःचा आवाज ओला होता. "अर्ध्यात कात्री काढली की कापडावर दात उमटतो. पूर्ण करावं लागेल." आणि त्यांनी उरलेली रेघ कापून काढली. मग पुढचा भाग सरकवला आणि थांबले.

"बोट फिरव," ते म्हणाले.

"मी?" सरकार म्हणाली.

"तिथे उभी आहेस ना? मग तूच. दोऱ्यावरून फिरव, कुठे वाकडं वाटलं तर सांग. आणि मग म्हण."

सरकारने, जिने आजवर कुणाचं ऐकलं नव्हतं, नाक पुसून बोट फिरवलं. शेवटपर्यंत. आणि हळूच म्हणाली, "कट."

पाठ कापली, पुढचे दोन्ही भाग कापले, बाह्या कापल्या. दर वेळी बोट, दर वेळी शब्द. भिंगने एकदा कॅमेऱ्याकडे हात नेला आणि काय वाटलं कुणास ठाऊक, परत घेतला. कागदांमधून येणारं ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं. चिंधी खाली बसली, टेबलाच्या पायाला टेकून, माईक मांडीत घेऊन. तिला रडू येत होतं आणि झोपही येत होती. दोन्ही एकदम येतं कधी कधी.

चित्रपट वेळेत झाला. कात्री कापडाला टेकते, सरकारचं कट काढून टाकलेलं, पडदा काळा होतो आणि त्या काळोखात तो आवाज जातो, या कानाकडून त्या कानाकडे. मग नाव. वर्गात पुढच्या रांगेतली दोन मुलं दचकून एकमेकांना बिलगली. मॅडम म्हणाल्या, बाई गं, अंगावर काटा आला, हा आवाज आणला कुठून? तिघांनी फक्त एकमेकांकडे बघितलं.

त्या दिवशी चिंधीच्या अंगावर कोट होता. सकाळी दुकानात बाबांनी तो तिला चढवला तेव्हा तिला धाकधूक होती. पंधराव्या वर्षाचं माप, आणि दोन वर्षांत ती ताडासारखी वाढलेली. पण कोट खांद्यावर बसला. बाह्या मनगटापर्यंत आल्या. बटणं लागली.

"तुम्ही मोठा बेतला होता?" तिने विचारलं.

"छे! मी अंगाबरोबर बेतला होता." बाबा गुडघ्यावर बसून खालची कड बघत होते. "खडूची रेघ माझी. दोरा तुझ्या आईचा. तिने सगळीकडे दोरा माझ्या रेघेच्या बाहेरून घातला होता. मी तेव्हा भांडलो तिच्याशी, कापड वाया जातंय म्हणून. त्या दिवशी कात्री दोऱ्यावरून गेली, तेव्हा तिचा बेत लक्षात आला. शिवताना ती माया तुझ्या अंगाएवढी सोडली, तरी उरली."

त्यांनी तिचा हात धरून कोटाच्या आत नेला, कुशीच्या शिवणीपाशी. आत दुमडलेलं कापड तिच्या बोटांना लागलं. मऊ, जाड, पुरतं दोन बोटं. कडेने एक पांढरा दोरा तसाच राहिला होता.

"अजून आहे," बाबा म्हणाले. "वाढलीस तर सांग. उसवून देईन."