सहाव्या रिळातला हात

झेंडूने भरलेली पाटी. पाणी भरलेला, उडालेला विजेचा बल्ब. सुरगाण्याच्या घाटातलं एक वळण. अंधारात वाजलेली शिट्टी. निळ्या चौकड्यांचा शर्ट.

मित्रांनो, हे सगळं एकाच गोष्टीतलं आहे. ती गोष्ट म्हणजे मी. सहा गोल डब्यांत गुंडाळून ठेवलेली एक जुनी फिल्म. झाकण उघडलंत तर आंबट वास येईल. नाक मुरडू नका. आमचं म्हातारपण असंच असतं.

माझ्यात एक बाप आहे आणि एक मुलगा. ते फारसं बोलत नाहीत. फुलं तोडतात, जेवतात, वाट बघतात.

साधनाताईंनी मला बनवलं, १९९४ साली, मखमलाबादच्या मळ्यात. त्यांना नट नको होते. पुंजाराम झेंडू लावायचे. त्यांना सगळे नाना म्हणत. त्यांचा मुलगा कुंदन एकोणीस वर्षांचा. बाप-लेक खरे, मळा खरा.

"नाना, तुम्हाला बोलायला काहीच नाही," ताई म्हणाल्या.

"बरं हाय," नाना म्हणाले. "घरीबी नसतं."

कुंदन हसला. नाना हसले नाहीत. ते सगळं माझ्यात आहे.

शेवटचा प्रसंग नाक्यावरचा. मुलगा गाव सोडून निघालाय. पहाटे दोघं रिकाम्या पाट्या पालथ्या घालून बसलेत, गाडीची वाट बघत. बापाने फक्त मुलाच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. नानांना ते जमेना. हात धोतराला पुसायचे, टोपी नीट करायचे.

"नाना, पाटी उचलता तसा उचला की," कुंदन म्हणाला. "मी काय चावतो का?"

शेवटी नानांनी हात उचलला आणि

रस्ता. रिकामा.

मित्रांनो, मध्ये काहीतरी गेलं, असं तुम्हाला वाटलं ना? गेलंच आहे. कसं गेलं, ते सांगते.

सुरुवातीला माझं खूप कौतुक झालं. लांबच्या शहरांत लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग १९९६ साली, ऐन दसऱ्याच्या आठवड्यात, पंचवटीतल्या एका थिएटरात मला सकाळच्या खेळाला लावलं. पहिल्या दिवशी कुंदन निळ्या चौकड्यांचा शर्ट घालून आला. माझ्यातही त्याने तोच घातला होता. पब्लिक मात्र गाणी आणि मारामारी बघायच्या तयारीने आलेलं.

"बोल की म्हाताऱ्या. मुका हाय का तू?" मागून कोणीतरी ओरडलं. शिट्ट्या झाल्या. दोन खुर्च्या फाटल्या.

घरी गेल्यावर कुंदन म्हणाला, "नाना, एकदा बघून या. शेवटचं तरी बघा."

"दसरा तोंडावर आलाय. फुलं थांबत नाय. पिच्चर थांबल."

पिक्चर थांबला नाही. दुसऱ्या दिवशी बहिरू ऑपरेटरने कात्री घेतली. तेव्हा ही रीतच होती. पब्लिक जिथे कंटाळेल तिथे कापायचं, दोन टोकं चिकटवायची आणि खेळ पुढे न्यायचा. नाक्यावरचा हात सगळ्यांत जास्त वेळ चालायचा. तोच गेला. मला दुखलं का, असं विचाराल. जोड बसला तेव्हा काहीच वाटलं नाही. पुढे प्रत्येक वेळी यंत्रातून जाताना तो जोड टक्कन वाजायचा.

आठवड्यानंतर मला डब्यांत घातलं, आणि डबे साधनाताईंच्या माळ्यावर गेले.

कुंदनने पुढे जीप घेतली. सुरगाण्याची माणसं द्राक्षाच्या मळ्यांत कामाला आणायचा आणि परत सोडायचा. २००४ च्या पावसाळ्यात घाटातल्या एका वळणावर जीप दरीत गेली.

भिंतीवर लावायला कुंदनचा फोटो मिळाला, लायसनवरचा, मोठा करून घेतलेला. नवसाबाई, त्याची आई, म्हणाली, "बाप-लेकाचा मिळून एकबी नाय घरात."

"शिनेमात हाय ना," नाना म्हणाले. "मी हात ठेवला होता का गं? का नुसता उचलला? मला आठवंना झालंय. उभ्या जन्मात पोराला जवळ घेतलं नाय मी. त्या एकदाच. तेबी ताईंनी सांगितलं म्हणून."

ते साधनाताईंकडे गेले. ताईंनी एका शाळेच्या हॉलमध्ये दोघांसाठी माझा खेळ लावला. पाच रिळं नाना हलले नाहीत. पडद्यावर कुंदन आला की नवसाबाई पदर तोंडाशी धरायची. सहावं रीळ लागलं. नाका आला, पाट्या आल्या. पडद्यावरच्या नानांनी हात उचलला.

टक्.

"ताई," अंधारातून नानांनी विचारलं, "पुढचं?"

पुढचं नव्हतं. माझी प्रत ही एवढीच उरली होती. आणि माझी जी मूळ निगेटिव्ह, जिच्यावरून मला पुन्हा छापता आलं असतं, ती मुंबईत पुराच्या पाण्यात भिजून चिकटली होती.

"ठेवला होता हात, नाना. मी होते ना तिथे," ताई म्हणाल्या.

"तुम्ही म्हणता तर असंल. मला बघायचं होतं."

थिएटर आता पाडलंय. बहिरू तिथेच समोर चहा विकतो. नाना त्याला शोधत गेले, तेव्हा त्याने त्यांना ओळखलं आणि आधी बसायला स्टूल दिलं.

"मीच कापला, नाना. तुकडे गेटावरच्या पोरांना वाटायचो. खूश व्हायची बेटी."

"जाळला नाय ना?"

"नाय, नाय."

"मग हाय कुठंतरी," नाना म्हणाले, आणि त्यांनी चहा घेतला.

मित्रांनो, तेव्हाची मुलं फिल्मचे तुकडे जपून ठेवायची. उडालेल्या बल्बात पाणी भरून त्याचं भिंग करायची, आरशाने तुकड्यावर ऊन पाडायची आणि भिंतीवर चित्र बघायची. तुमच्या काका-मामांनीही केलं असेल. घरातला एखादा गंजका डबा उघडून बघा. निळ्या चौकड्यांचा शर्ट, शेजारी टोपीवाला माणूस, त्याचा हात. एवढा तुकडा दिसला तर वाकवू नका, बोटं लावू नका. मखमलाबादला पुंजारामांचा मळा कोणीही दाखवेल. जरा लवकर जा. नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय.

चित्रीकरणाच्या पहाटे साधनाताई "झालं, नाना" म्हणाल्यावरही कॅमेरा चालूच राहिला होता, आणि त्यातली फिल्म संपेपर्यंत नानांचा हात कुंदनच्या खांद्यावर होता.