दसऱ्याची जीप

"दिवे लागतायत, गाणं वाजतंय, फक्त चाकं फिरत नाहीत," जीपचं पेडल हाताने दाबत अजित म्हणाला. "म्हणजे बॅटरी अगदीच मेलेली नाही."

"चार्जरचा दिवा सकाळी हिरवा झाला होता. मी बघितलंय," प्रतापराव म्हणाले.

परदेशातल्या क्वेकर्स हिल या उपनगरातल्या घरामागच्या गवतावर बापलेक त्या लाल प्लास्टिकच्या जीपशेजारी बसले होते. पाच वर्षांचा रुद्र सीटवरून उतरायला तयार नव्हता.

प्रतापरावांचं सारं आयुष्य पुण्याच्या शेतकी कॉलेजात टंकलेखन करण्यात गेलं होतं. निवृत्तीनंतर आणि पत्नीच्या मागे ते मुलाकडे आले, तेव्हा इथे आपल्या वाट्याला काही काम येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. ते या जीपने दिलं. तिचा रिमोट त्यांच्या शर्टाच्या खिशात असे. रुद्र जीप चालवी, ते मागून चालत आणि कुंपण जवळ आलं की बटण दाबून ती थांबवत. हे काम ते नोकरीच्या नेमाने करत.

पण गेल्या महिन्यात दूध उतरवल्यावर त्यांच्याकडून गॅस बंद करायचा राहिला, आणि तेव्हापासून मयूराने, त्यांच्या सुनेने, रुद्रला त्यांच्यापाशी एकटं ठेवलं नव्हतं. सोमवारी शाळेला सुट्टी होती आणि नवराबायको दोघांनाही काम होतं. कालच अजित म्हणाला होता, "सोमवारी तुम्हीच बघा त्याला, आबा. मयूरा हो म्हणालीय. फक्त मधे आता काही गडबड नको."

अजितने बॉनेट उघडून शेजाऱ्याकडून आणलेल्या मीटरच्या तारा आतल्या बॅटरीला टेकवल्या. "बारा पॉइंट सहा. ही ठीक आहे. रुद्र, उतर जरा. सीट पूर्ण काढू."

सीट निघाली तशी आतून मुंग्यांची रांग बाहेर आली. बॅटरीची तार जिथे जोडली होती, त्या प्लगवर हिरवट थर साचला होता. अजितने बोट लावलं. बोट चिकट झालं.

"ज्यूस. रुद्र, जीपमध्ये ज्यूस न्यायचा नाही असं ठरलं होतं ना?"

"आय डिडन्ट."

"मग हे काय आहे?"

"आय डोन्ट नो, डॅड. आय डिडन्ट डू इट."

"सांडला तर सांडला, पण खोटं बोलायचं नाही. एक आठवडा जीप बंद."

रुद्र रडला नाही. त्याने फक्त आजोबांकडे पाहिलं.

प्रतापरावांच्या डोळ्यांसमोर दसऱ्याची सकाळ उभी राहिली. कॉलेजात असताना खंडेनवमीला टाइपरायटरला हळदकुंकू लावल्याशिवाय त्यांचं वर्ष पुरं होत नसे. इथे दसऱ्याला त्यांनी अजितच्या मोटारीची पूजा केली, तेव्हा रुद्रने आपल्याही गाडीची हवी म्हणून हट्ट धरला. चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि फोडलेल्या नारळाचं उरलेलं पाणी पुढून मागपर्यंत सढळ हाताने ओतलं. अजित तेव्हा फोनवर होता. रुद्रच्या हे लक्षातही नसणार. गप्प राहिलं तर सोमवारला धक्का लागणार नव्हता.

"ज्यूस नाही तो," प्रतापराव म्हणाले. "नारळाचं पाणी आहे. दसऱ्याला मीच ओतलं. सीटवरसुद्धा."

अजितने प्लगकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "अहो आबा, ही बॅटरीवरची गाडी आहे."

"ते आत्ता कळतंय."

"किती ओतलंत?"

"वाटीभर असेल. नारळ चांगला पाणीदार निघाला होता."

अजितला हसू फुटलं, पण ते अर्ध्यावरच विरलं. तो मुलाकडे वळला. "सॉरी, रुद्र."

"नो वरीज," रुद्र म्हणाला.

अजितने प्लग सोडवून दिला. प्रतापरावांनी जुना टूथब्रश आणला आणि टाइपरायटरच्या अक्षरांत अडकलेली शाई काढावी तसा तो थर हलक्या हाताने खरवडला. मग प्लग कोरड्या फडक्याने पुसून जोडला. अजितने पेडल दाबताच जीप हिसका देऊन पुढे सरकली.

सीट बसवून झाल्यावर, प्रतापरावांनी खाली वाकताना खिशातून काढून गवतावर ठेवलेला रिमोट अजितने उचलला आणि आपल्या चड्डीच्या खिशात टाकला.

"सोमवारचं मयूरा बघेल, आबा. शिफ्ट बदलून घेईल ती. तुम्हाला उगाच ताण नको." हे म्हणताना तो स्क्रूड्रायव्हर पुसत होता.

"बरं," प्रतापराव म्हणाले.

मीटर परत द्यायला अजित शेजारी गेला. रुद्र स्टिअरिंग धरून बसला होता.

"आबा, रिमोट?"

"डॅडकडे आहे."

"देन हू विल स्टॉप मी?"

प्रतापराव गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांनी जीपच्या दारावर हात ठेवला आणि तिच्या बरोबरीने, जरा भरभर पावलं टाकत, ते चालू लागले. बॉनेटवरचं स्वस्तिक उन्हाने फिकट झालं होतं. कुंपण जवळ आलं तसे ते फक्त "हं" म्हणाले.

रुद्रने पाय उचलला. जीप थांबली.